पावसासाठी राखलेले रान

१३ एप्रिल १७७६ ही तारीख आपल्या शाळेच्या पुस्तकांत कुठे नव्हती. त्याच वर्षीची ४ जुलै, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची, ती मात्र आम्ही मुलांकडून घोकून घेत असू. आपल्याकडे तेव्हा बारभाईंचा कारभार होता आणि पुरंदरचा तह होऊन दीड महिनाही झाला नव्हता. अशा त्या एप्रिलमध्ये कॅरिबियन समुद्रातल्या टोबॅगो नावाच्या इवल्याशा बेटावर इंग्रजांनी एक कायदा केला. बेटाच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखा जो डोंगर गेला आहे, त्यावरचे रान कोणी तोडायचे नाही. का, तर पाऊस पडत राहावा म्हणून!

मंडळी, कायद्याने राखलेली जंगले आज जगभर आहेत. अमेरिकेतले प्रसिद्ध यलोस्टोन १८७२ सालचे. हे रान त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचे. पश्चिम गोलार्धातले कायद्याने राखलेले सर्वांत जुने जंगल म्हणून त्याचे नाव घेतात आणि २०११ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गेले. लेकीच्या कुटुंबाबरोबर त्रिनिदादहून एक दिवस तिथे जाणे झाले. परत आल्यापासून पुस्तके चाळते आहे. जे हाताला लागले ते इथे लिहून ठेवते. प्रवासवर्णन म्हणून कोणी वाचायला घेतले तर थोडी निराशा होईल. समुद्रकिनाऱ्याचे आणि जेवणाचे फोटो माझ्या नातीकडे आहेत, ज्याला हवेत त्याने तिच्याकडे मागावेत.

आधी भूगोल. त्रिनिदाद आणि टोबॅगो हा १९६२ मध्ये स्वतंत्र झालेला एक देश, पण बेटे दोन आणि दोघांचा स्वभाव वेगळा. लाराचे त्रिनिदाद मोठे. तिथे १८४५ पासून १९१७ पर्यंत भारतातून करारबद्ध मजूर नेले, त्यामुळे तिथे आपल्यासारखे चेहरे पावलोपावली दिसतात. टोबॅगो लहान. लांबी चाळीस-एक्केचाळीस किलोमीटर, रुंदी जेमतेम दहा, क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी. इथली बहुतेक वस्ती आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची. एवढ्याशा तुकड्यासाठी डच, फ्रेंच, इंग्रज आणि आजच्या लॅटव्हियातले कूरलँडचे सरदारसुद्धा भांडले. बेटाची मालकी तीसहून अधिक वेळा बदलली असे सांगतात. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने ते इंग्रजांकडे आले आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

इंग्रजांनी बेट मोजले, तुकडे पाडले आणि १७६५ पासून ते विकायला काढले. घेणाऱ्यांत स्कॉटलंडची माणसे बरीच. म्हणून आजही टोबॅगोच्या नकाशावर रॉक्सबरो, अर्गाइल, स्पेसाइड, कलोडन अशी स्कॉटिश नावे आहेत. उसाचे, कापसाचे आणि निळीचे मळे उभे राहिले. मळा म्हणजे आपला विहिरीवरचा मळा नव्हे. त्यात ऊस, साखरेचा कारखाना, दारूची भट्टी, टेकडीवर मालकाचा वाडा आणि खाली गुलामांच्या झोपड्या. तीसएक वर्षांत अशी अवस्था आली की बेटावरच्या दर शंभर माणसांत नव्वदहून अधिक गुलाम होते. लंडनमध्ये श्रीमंत माणसाला 'टोबॅगोच्या मळेवाल्यासारखा श्रीमंत' म्हणत.

मग असल्या पैशाच्या मागे लागलेल्या लोकांनी डोंगरावरची जमीन सोडून का दिली? याचे उत्तर शेजारच्या बार्बाडोसमध्ये आहे. तिथे १६२७ मध्ये इंग्रज उतरले, १६४० च्या दशकात ऊस आला आणि पंचवीसएक वर्षांत बेटावरचे जवळजवळ सगळे रान संपले. उसाला जमीन हवी आणि साखर शिजवायला जळण हवे. रान गेले, माती वाहू लागली आणि लाकूड बाहेरून आणायची पाळी आली. हे मळेवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

दुसरे कारण एका पाद्र्याचे. स्टीफन हेल्स हा लंडनजवळच्या टेडिंग्टनचा धर्मगुरू. त्याला झाडे तोलायचा नाद. सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड त्याने शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि सकाळ-संध्याकाळ कुंडी तराजूत घातली. वजन घटले. मातीतून तर वाफ जाणार नाही, मग पाणी गेले ते पानांतून! १७२७ मध्ये त्याने हे छापले. (आमच्या शाळेत झाडाच्या फांदीला पॉलिथिनची पिशवी बांधून हाच प्रयोग विज्ञानाच्या बाई करून दाखवत. हेल्सचे नाव त्यात कधी आले नाही.) पाने हवेत पाणी सोडतात, तर झाडांचा पावसाशी संबंध असलाच पाहिजे, असा विचार मग पसरला.

लंडनच्या व्यापार आणि वसाहतींच्या मंडळावर सोम जेनिन्स नावाचे एक खासदार होते. त्यांनी ही कल्पना उचलून धरली. डोंगर राखा, नाहीतर पाऊस जाईल आणि पावसाबरोबर ऊसही जाईल. पार्लमेंटला आणि मळेवाल्यांना पटवायला दहाएक वर्षे लागली म्हणतात. शेवटी १७७६ ला कायदा झाला. त्याचा हेतू त्यात स्पष्ट आहे: वारंवार सरी याव्यात, कारण असल्या हवामानात जमिनीचा कस त्यांच्यावरच अवलंबून असतो.

हे जेनिन्स कोण, म्हणून मी शोधले तेव्हा मौज वाटली, आणि थोडा रागही आला. १७५७ मध्ये त्यांनी जगातल्या दुःखाचे मूळ काय यावर एक पुस्तक लिहिले होते. सार असे की गरिबी आणि कष्ट हे विश्वाच्या व्यवस्थेचाच भाग आहेत आणि गरिबाचे अज्ञान ही त्याला देवाने दिलेली गुंगीची मात्रा आहे, ती काढून घेऊ नये. कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन स्वतः गरिबीत दिवस काढलेला माणूस. त्याने या पुस्तकाचे परीक्षण लिहून जेनिन्सना असे सोलून काढले की आज ते पुस्तक लोकांना आठवते ते या परीक्षणामुळेच. तर असा हा गृहस्थ एका जंगलाचा त्राता!

आता त्या दिवसाकडे येते. त्रिनिदादहून टोबॅगोला विमानाने वीस-पंचवीस मिनिटे लागतात. विमानतळ बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला. तिथून गाडी करून आम्ही वायव्येकडच्या किनाऱ्याने वर गेलो, मधेच डोंगर ओलांडला आणि दुसऱ्या किनाऱ्याने खाली आलो. चालक साठीतला, बोलका आणि टोबॅगोतच जन्मलेला. त्रिनिदादवाल्यांबद्दल त्याची मते आपल्याकडच्या गाववाल्यांची मुंबईकरांबद्दल असतात तशीच होती.

पहिला मुक्काम आर्नोस व्हेलचा जुना मळा. झाडोऱ्यात एक प्रचंड लोखंडी पाणचक्की गंजत उभी आहे. चाक ग्लासगोत ओतलेले. ओढ्याचे पाणी पाटाने आणून चाकावर सोडायचे, चाक फिरले की दात्यांच्या चाकांनी चरकाचे रूळ फिरायचे आणि त्यात ऊस घालायचा. चालक समजावून सांगत होता, पण आमच्या कोल्हापूरकडच्या माणसाला गुऱ्हाळ काय समजवायचे! रस, काहील, मळी काढणे, चिपाडाचे जळण, सगळे तेच. फरक एवढाच की आपला गुळव्या एका काहिलीत गूळ उतरवतो आणि तिथे एकापेक्षा एक लहान अशा चार-पाच काहिलींतून रस पुढे पुढे सरकवत नेत. शेवटच्या काहिलीतून दाणा धरायला काढायचा, निथळलेल्या काकवीची रम करायची.

आणखी एक फरक आहे, तो चालकाने सांगितला नाही. हे चाक गुलामगिरी संपल्यानंतरचे आहे, १९ व्या शतकाच्या मध्याचे. त्याच्या आधीचे चरक बैलांनी, वाऱ्याने किंवा पाण्याने फिरत आणि त्यात ऊस सारणारे हात गुलामांचे असत. हंगामात चरक रात्रंदिवस चालत. झोपेने डुलकी आली की बोटे रुळांत जात आणि रूळ एकदम थांबवता येत नसत. म्हणून कॅरिबियनमधल्या कारखान्यांत चरकाशेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडून माणूस वाचवायला. हे वाचल्यापासून मला त्या कायद्यातला 'पाऊस' हा शब्द पूर्वीसारखा वाचता येत नाही. डोंगरावरच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही असे ज्यांनी ठरवले, त्यांच्याच कारखान्यांत ही दुसरी कुऱ्हाड होती.

जवळच प्लिमथ गावात एक थडगे आहे, ते दाखवल्याशिवाय कोणी चालक पुढे जात नाही. बेटी स्टिव्हन नावाची तरुणी, २५ नोव्हेंबर १७८३ ला वयाच्या तेविसाव्या वर्षी बाळासह गेली. नवऱ्याने दगडावर कोरून ठेवले आहे की ती नकळत आई झाली होती आणि नवऱ्याला कळू न देता बायको होती, कळले ते फक्त तिच्या मायेने. याचा अर्थ काय, यावर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोक डोके खाजवत आहेत. ती गुलाम होती, मालकाशी तिचे लग्न गुप्त होते, असे एक सांगणे आहे, पण पुरावा नाही. माझी नात म्हणाली, "आजी, कोडे आहे की प्रेमपत्र?" मला तरी ते एका दुःखी माणसाचे धड न जमलेले वाक्य वाटले. असो.

कास्तारा, पार्लाटुव्हिए, ब्लडी बे अशी गावे मागे टाकत रस्ता डोंगर चढू लागला. गिल्पिन ट्रेस नावाची पायवाट तिथून रानात शिरते. पाऊस झाला असेल तर चिखल होतो, म्हणून रबरी बूट घालायला देतात. मी फार आत गेले नाही, गुडघ्यांचा प्रश्न आहे. पण जेवढे पाहिले ते पुरेसे होते. खोडांवर शेवाळ, झाडांवर झाडे आणि उन्हाचे फक्त ठिपके. कोकणातली एखादी जुनी देवराई आठवत होती. आपल्या देवराया देवाच्या भीतीने राहिल्या. इथे देवाऐवजी साखर होती.

हे रान सुमारे चार हजार हेक्टरचे. डोंगराची उंची जेमतेम साडेपाचशे मीटर. ईशान्येकडून समुद्रावरून येणारा वारा या डोंगराला अडतो, वर चढतो आणि गार होऊन सरी टाकतो. म्हणजे खरे पाहता एवढ्या अरुंद बेटावर पावसाचे मोठे काम वारा आणि डोंगर करतात. झाडांनी पाऊस ओढून आणण्याचा हिशेब जेनिन्स यांनी मांडला तेवढा सरळ नाही. अ‍ॅमेझॉनसारख्या अफाट जंगलात तो जास्त लागू पडतो. पण आलेला पाऊस धरून ठेवणे, माती जागेवर ठेवणे आणि कोरड्या महिन्यांत ओढे वाहते ठेवणे, हे झाडेच करतात. शास्त्र अर्धे चुकीचे होते आणि उपाय पुरा बरोबर निघाला.

वाटेच्या तोंडाशी पाटी आहे. सर्वांत जुने राखीव जंगल, १७७६, पक्षी, झाडे, सगळे तिथे वाचायला मिळते. मला हवी होती ती ओळ नव्हती: हे रान कोणासाठी राखले आणि त्या काळी या रानात कोण शिरत होते. कारण त्याचाही इतिहास आहे. १७७० मध्ये सँडी नावाच्या गुलामाच्या पुढारीपणाखाली टोबॅगोत मोठा उठाव झाला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी झाले. उठावकरी रानाचा आसरा घेत. पकडलेल्यांना दिलेल्या शिक्षा मी इथे लिहीत नाही. उठाव दडपल्यावर दोन वर्षांच्या आत त्याच रानाला मालकांनी संरक्षण दिले. म्हणजे एकाच डोंगराकडे खालून पाहणारे दोन प्रकारचे लोक होते. एकाला वर ढग दिसत होता आणि दुसऱ्याला लपायची जागा. पाटीवर पहिलाच आला.

मराठी वाचकांना वाटेल की या सगळ्याशी आपला काय संबंध. संबंध आहे, आणि तो मला रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराच्या १९९५ च्या 'ग्रीन इम्पीरियलिझम' या ग्रंथाने दाखवला. झाडे गेली की पाऊस जातो, हा विचार कॅरिबियन बेटे, मॉरिशस असा फिरत फिरत ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरांपर्यंत आला. त्यांतले एक अलेक्झांडर गिब्सन, तेही स्कॉटिशच. १८३८ पासून ते पुण्याजवळच्या दापुरीच्या, म्हणजे आजच्या दापोडीच्या, सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. कोकणातले डोंगर उघडे पडत आहेत, झरे आटत आहेत, खाड्या गाळाने भरत आहेत, असे त्यांनी सरकारला कळवले. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. पुढे १८६५ आणि १८७८ चे वन कायदे आले आणि 'राखीव' हा शब्द आपल्या खेड्यांत पोचला.

तो कसा पोचला, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये सांगून ठेवले आहे. डोंगर, टेकड्या, गायराने सगळी जंगलखात्याने गिळली आणि गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे. गिब्सन यांचा कोकणच्या झऱ्यांचा हिशेब मला खरा वाटतो आणि जोतीरावांची तक्रारही खरी वाटते. वर्गात असते तर मुलांना दोन्ही उतारे एकाच तासाला वाचायला दिले असते.

रानावर सर्वांत मोठा घाला पडला तो माणसाचा नव्हे. ३० सप्टेंबर १९६३ ला 'फ्लोरा' हे चक्रीवादळ थेट टोबॅगोवरून गेले. मोठमोठी झाडे आडवी झाली, रानाचा बहुतेक भाग उद्ध्वस्त झाला, खालचे नारळ आणि कोकोचे मळेही संपले. चालकाची आई त्या वेळी शाळकरी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी घरातून बाहेर आल्यावर डोंगर करडा दिसत होता, एक हिरवे पान नव्हते, असे ती सांगत असे. पांढऱ्या शेपटीचा 'सेबरविंग' नावाचा एक गुंजनपक्षी आहे, तो जगात फक्त टोबॅगोत आणि व्हेनेझुएलाच्या ईशान्य भागात सापडतो. फ्लोरानंतर तो टोबॅगोतून नष्ट झाला असे समजले गेले होते. १९७४ मध्ये तो पुन्हा दिसला. रान आपले आपण परत उभे राहिले होते. आम्हाला काही तो दिसला नाही. नातीने फोटो काढला तो दुसऱ्याच एका गुंजनपक्ष्याचा निघाला.

डोंगर उतरला की रॉक्सबरो. जवळच अर्गाइलचा धबधबा, तीन टप्प्यांत पडणारा, सुमारे ५४ मीटर. आमच्या घरच्यांनी तिथे मनसोक्त डुंबून घेतले. मी काठावर बसून या गावाचाच विचार करत होते. १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी कायद्याने संपली, पण उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे फुकट राबवून घेतले. सर्व वसाहतींतल्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मिळाली, राबलेल्यांना एक पैसाही नाही. त्यासाठी ब्रिटिश सरकारने काढलेले कर्ज २०१५ मध्ये फिटले, म्हणजे माझ्या निवृत्तीनंतर! पुढे मजुरी द्यायला मालकांकडे पैसा उरेना, तेव्हा ऊस कसणाऱ्याचा आणि साखर निम्मी निम्मी अशी वाटेकरी पद्धत आली. आपल्या अर्धेलीसारखीच, आणि भांडणेही तशीच.

१८७६ च्या मे महिन्यात याच रॉक्सबरोच्या मळ्यावर मजुरांनी आग लावली. बेलमाना नावाच्या पोलिसाच्या गोळीने एक बाई मेली आणि जमावाने बेलमानाला ठार मारले. त्या धक्क्याने मळेवाल्यांच्या विधिमंडळाने स्वतःलाच बरखास्त करून घेतले आणि बेट थेट राणीच्या कारभाराखाली गेले. १८८४ मध्ये बहुतेक मळ्यांना भांडवल पुरवणारी लंडनची गिलेस्पी पेढी बुडाली आणि साखर बसली. कंगाल झालेले टोबॅगो १८८९ मध्ये त्रिनिदादला जोडून टाकले. ज्या साखरेसाठी डोंगर राखला, ती शंभर-सव्वाशे वर्षांत गेली.

परतीच्या वाटेवर रिचमंडचा जुना वाडा लागतो, १८ व्या शतकातला. उंचावर, वारा येईल अशा जागी आणि खालचा सगळा ऊस नजरेत राहील असा बांधलेला. आता खाली ऊस नाही. झाडी आहे, लहान लहान घरे आहेत, दारात केळी आणि कोको. चालकाने गाडी थांबवून त्यांतले एक घर दाखवले, त्याच्या मामाचे. जमीन कधीची, असे विचारले तर म्हणाला, पणजोबांनी घेतली, मळा मोडला तेव्हा.

जाणार असाल तर जानेवारी ते मे हे कोरडे महिने. रानात वाटाड्या बरोबर घ्या, पक्षी त्यालाच दिसतात. आणि पायवाटेपेक्षा आर्नोस व्हेलला थोडा जास्त वेळ ठेवा.